ल्यों : रेशमाचे नगर

ऱ्होन आणि सॉन या नद्यांच्या संगमावर वसलेले ल्यों हे फ्रान्समधील प्राचीन व्यापारी नगर होय. फुर्व्हिएर टेकडीवरील रोमन रंगमंदिर त्याच्या दोन हजार वर्षांची साक्ष देते. पायथ्याच्या जुन्या वस्तीत इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या ‘त्राबूल’ नामक वाटा आहेत. संगमावर २०१४ मध्ये खुले झालेले काच-पोलादाचे संग्रहालयही प्रेक्षणीय आहे. परंतु व्यापारी कुटुंबांनी क्र्वा-रूस टेकडी अवश्य चढावी. जाकारचे उंच माग मावावेत म्हणून तेथील घरांची छते उंच बांधली गेली. १८३१ मध्ये काही रेशीम व्यापाऱ्यांनी ठरलेले किमान दर नाकारले, तेव्हा विणकरांनी उठाव केला. कारागिराला दिलेला शब्द हेही पेढीचे भांडवलच, याचे स्मरण ही टेकडी करून देते.