माइनक्राफ्टची नदी वाहती कशी करायची?

माइनक्राफ्टमधली नदी मुळात वाहतच नाही! ती समुद्राच्याच पातळीवर तयार होते, त्यामुळे पाणी तळ्यासारखं निपचित.

वाहतं पाणी हवं तर उतार हवा. सपाटीवर पाणी उगमाच्या ठोकळ्यापासून फक्त ७ ठोकळे पसरतं. एक पायरी खाली पडलं की पुन्हा नव्याने ७. म्हणून जाणकार खेळाडू दर ५-६ ठोकळ्यांवर पात्र एक पायरी उतरवतात. काठ मात्र वाकडेतिकडे ठेवायचे, नाहीतर नदीचा कालवा होतो.

धबधब्याचा एकसंध निळा पडदा सगळ्यात खोटा दिसतो. कड्यावर मधूनमधून दगड पुढे काढले की धार फुटते. खालच्या डोहाच्या तळाशी सोल सँड नावाची वाळू टाकावी: २०१८च्या अपडेटपासून तिच्यावरून बुडबुडे उसळतात, थेट फेसासारखे. फक्त डोह बादलीने भरलेला हवा. वाहत्या पाण्यात बुडबुडे येत नाहीत.