द्विमोटर रेषीय ॲक्चुएटर

द्विमोटर रेषीय ॲक्चुएटर म्हणजे दोन विद्युत मोटारींच्या फिरत्या गतीचे एकाच सरळ रेषेतील गतीत रूपांतर करणारी यंत्रणा होय. गतीचे रूपांतर बहुधा मळसूत्र आणि नट यांच्या जोडीने केले जाते. विमानाची नियंत्रक पृष्ठे, मोठी यंत्रहत्यारे आणि जड झडपा अशा ठिकाणी, जेथे एक मोटर बंद पडल्यास काम थांबून चालत नाही, तेथे ही रचना वापरतात. काही वेळा मात्र हेतू सुरक्षिततेचा नसून वेगाचा किंवा अचूकतेचा असतो. कोणता हेतू आहे हे ठरल्याशिवाय दोन मोटारी एकमेकींशी कशा जोडाव्यात, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

जोडणीचे प्रकार

पहिल्या प्रकारात दोन्ही मोटारी गिअरद्वारे एकाच दंडाला जोडलेल्या असतात. दोघींचा वेग बांधलेला असतो आणि त्यांच्या परिबलांची, म्हणजेच टॉर्कची, बेरीज होते. एका मोटारीचा वीजपुरवठा तुटला तर दुसरी तिला ओढत नेते. परंतु एखादी मोटर बेअरिंग फुटून अडकली, तर संपूर्ण दंड अडकतो. म्हणून प्रत्येक मोटर आणि गिअर यांच्यामध्ये सोडता येणारा क्लच ठेवावा लागतो.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही मोटारी डिफरन्शियल गिअरपेटीत येतात. समान गुणोत्तराच्या डिफरन्शियलमध्ये बाहेर पडणारा वेग हा दोन वेगांची सरासरी असतो, तर परिबल दोन्ही बाजूंना सारखेच पडते. येथे एक मोटर अडकली तरी बिघडत नाही. मळसूत्र निम्म्या वेगाने फिरत राहते. धोका उलट बाजूने येतो. एका मोटारीची वीज गेली आणि ती मोकळी फिरू लागली, तर चालू मोटर भार उचलण्याऐवजी तिलाच मागे फिरवते. म्हणून प्रत्येक मोटारीवर वीज जाताच आपोआप लागणारा ब्रेक अनिवार्य ठरतो. थोडक्यात, एका रचनेत मोटर सोडवावी लागते आणि दुसरीत धरून ठेवावी लागते.

तिसरा प्रकार कमी प्रचलित आहे. त्यात एक मोटर मळसूत्र फिरवते आणि दुसरी नट. सरक दोघांच्या वेगांतील फरकावर अवलंबून असल्याने, दोन्ही मोटारी बऱ्यापैकी वेगात असतानाही अतिशय संथ सरक मिळवता येते. थांबलेली मोटर हलवताना घर्षणामुळे बसणारा झटका यात टळतो.

आकारमानाचे गणित

मळसूत्र फिरवण्यास लागणारे परिबल हे भार आणि एका फेऱ्यातील सरक यांच्या गुणाकाराला २π आणि कार्यक्षमता यांच्या गुणाकाराने भागून मिळते. उदाहरणार्थ, १० किलोन्यूटन भार सेकंदाला ५० मिलिमीटर वेगाने सरकवायचा असून एका फेऱ्यातील सरक ५ मिलिमीटर आहे असे मानू. मळसूत्राला मिनिटाला ६०० फेरे घ्यावे लागतील. ९० टक्के कार्यक्षमतेच्या बॉलस्क्रूला सुमारे ८.८ न्यूटन-मीटर परिबल आणि ५५६ वॅट शक्ती लागेल. याच जागी ३० टक्के कार्यक्षमतेचे साधे, समलंबी आट्यांचे मळसूत्र वापरल्यास परिबल सुमारे २६.५ न्यूटन-मीटर व शक्ती जवळपास १,६७० वॅट होते. हा अपव्यय अगदीच निरर्थक नसतो. इतक्या घर्षणाचे मळसूत्र सहसा भाराखाली उलटे फिरत नाही, तर बॉलस्क्रू ब्रेकशिवाय खाली घसरतो.

प्रत्येक मोटर निम्म्या भारासाठी निवडावी की पूर्ण भारासाठी, हा यापुढचा निर्णय. निम्म्या क्षमतेच्या मोटारी एकाच दंडाला जोडल्या असतील, तर एक बंद पडताच दुसरी पुरी पडत नाही. पूर्ण क्षमतेच्या घेतल्या, तर दोन्ही चालू असताना नट शेवटच्या अडसरावर आदळल्यास मळसूत्रावर ठरवलेल्याच्या दुप्पट जोर येऊ शकतो. म्हणून परिबल मर्यादित करणारी घसरती जोडणी किंवा विद्युतप्रवाहाची मर्यादा लागते. सुरक्षिततेसाठी घेतलेली जादा मोटर अशा रीतीने नवा धोका घेऊन येते.

लांब मळसूत्र दाबाखाली वाकण्याचाही विचार करावा लागतो. दोन्ही टोके बिजागरीसारखी धरलेल्या, आट्यांच्या तळाशी २० मिलिमीटर व्यासाच्या आणि १ मीटर लांबीच्या पोलादी मळसूत्राचा ऑयलरच्या सूत्रानुसार वाकण्याचा भार सुमारे १५.९ किलोन्यूटन येतो. वरील १० किलोन्यूटनसाठी ही सुरक्षितता अपुरी आहे. व्यास वाढवणे श्रेयस्कर.

नियंत्रण

एकाच दंडावरील दोन मोटारींना स्वतंत्रपणे स्थान राखण्यास सांगितले, तर संवेदकांतील किंचित फरकामुळे त्या एकमेकींविरुद्ध जोर लावत बसतात. भार हलत नाही, पण दोन्ही तापतात. त्यामुळे एका मोटारीकडे वेग व स्थान सोपवून दुसरीला फक्त तिच्या परिबलाचे अनुकरण करण्यास लावतात. डिफरन्शियलमध्ये हा झगडा उद्भवत नाही.

एमडी-८० विमानांतील यंत्रणा

मॅकडॉनेल डग्लस एमडी-८० मालिकेत, आणि तिची पूर्वज असलेल्या डीसी-९ मध्ये, शेपटाच्या आडव्या पंखाचा कोन बदलण्यासाठी मळसूत्री ॲक्चुएटर आहे. नट उभ्या शेपटाला धरलेला असून मळसूत्र त्यातून फिरत वर-खाली होते व आडव्या पंखाची पुढची कड हलवते. मळसूत्राच्या गिअरपेटीला दोन विद्युत मोटारी जोडलेल्या आहेत. वैमानिकाच्या स्विचांवर चालणारी प्रमुख मोटर वेगवान, तर स्वयंचलित चालकाने वापरली जाणारी पर्यायी मोटर संथ आहे. मळसूत्रावर समांतर चालणारे दोन स्वतंत्र आटे आहेत. कागदावर पाहता मोटारी दोन आणि आटेही दोन, पण नट एकच, ॲल्युमिनियम ब्राँझचा.

३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे उड्डाण २६१ हे एमडी-८३ विमान मेक्सिकोतील पुएर्तो व्हायार्ता येथून सॅन फ्रान्सिस्कोमार्गे सिॲटलला जात असताना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, अनाकापा बेटानजीक पॅसिफिक महासागरात कोसळले. विमानातील सर्व ८८ जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात असे आढळले की अपुऱ्या वंगणामुळे नटाचे आटे झिजत गेले होते आणि त्या उड्डाणात ते पूर्णपणे कापले गेले. चढताना मळसूत्र नटात अडकले. पुढे वैमानिकांच्या प्रयत्नांत ते सुटले तेव्हा नटात त्याला धरण्यास आटे उरले नव्हते. पहिल्या सूर मारण्यातून विमान सावरले, कारण मळसूत्राच्या खालच्या टोकाचा अडसर नटाच्या तळाला अडून राहिला होता. तोही तुटल्यावर विमान सावरता आले नाही.

मोटारींनी आपले काम केले होते. दोन्हींचा जोर ज्या एका भागातून जात होता, त्याला पर्याय नव्हता. दोन आटे हा पर्याय असल्याचे मूळ रचनेत गृहीत धरले होते, मात्र एकाच नटातील दोन्ही आट्यांना एकच ग्रीस मिळते व ते बरोबरच झिजतात. झीज ओळखण्यासाठी मळसूत्र व नट यांच्यातील ढिलाई मोजली जाई आणि तिची कमाल मर्यादा ०.०४० इंच, म्हणजे सुमारे १ मिलिमीटर होती. सप्टेंबर १९९७ मध्ये या विमानाची ढिलाई नेमकी ०.०४० इंच भरली. पुन्हा मोजल्यावर ०.०३३ इंच आली आणि नट न बदलता विमान सेवेत परतले. वंगणाचा आणि तपासणीचा काळ वाढवत नेल्याचाही मंडळाने कारणांत उल्लेख केला आहे.

अनेक नव्या विमानांत पोकळ मळसूत्राच्या आतून एक राखीव दांडा घालतात. मुख्य मळसूत्र तुटल्यास भार त्यावर येतो. राखीव नट ठेवायचा असल्यास तो सामान्य काळात भार घेणार नाही अशा मोकळीकीने बसवणे महत्त्वाचे असते, अन्यथा मुख्य नटाबरोबर तोही झिजतो. अपघातानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने या विमानांच्या मळसूत्राला दर ६५० उड्डाण तासांनी वंगण देणे व दर २,००० तासांनी ढिलाई मोजणे बंधनकारक केले.