वायफाय कनेक्टिंग, प्लीज वेट

घरावर नजर ठेवणारा साधा कॅमेरा खोक्यातून बाहेर काढला की एक कोडं समोर येतं. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. मग घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड त्याला सांगायचा कसा? कंपन्यांनी काढलेला तोडगा भन्नाट आहे. तुम्ही मोबाइलवर पासवर्ड लिहिता, ॲप त्याचा क्यूआर कोड करतं, आणि तो कोड तुम्ही कॅमेऱ्याच्या तोंडासमोर धरता. म्हणजे त्याला पहिला निरोप मिळतो तो डोळ्यांनी. काही कॅमेरे तो कानांनी घेतात: मोबाइल रातकिड्यासारखी किरकिर करतो आणि त्या किरकिरीतच अख्खा पासवर्ड असतो. तिसरी जात आणखी धीट. ती काही मिनिटं स्वतःच एक छोटं वायफाय होते, आणि तुमच्या मोबाइलने तिला येऊन भेटायचं असतं.

इथवर सगळं छान होतं. मग कॅमेऱ्याच्या आतून एक ध्वनिमुद्रित बाई बोलते, «वायफाय कनेक्टिंग, प्लीज वेट.» आणि आपण वाट बघत बसतो.

मुंबईच्या आरे कॉलनीत ही वाट बघणं जरा जास्त टोचतं, कारण इथे दारावरचा कॅमेरा नुसत्या चोरासाठी नसतो. सप्टेंबर २०२१च्या अखेरीस संध्याकाळी घराच्या ओट्यावर येऊन बसलेल्या एका वयस्क बाईंवर मागून बिबट्याने झेप घेतली, आणि त्यांनी हातातल्या काठीने त्याला पळवून लावलं. ते दृश्य सीसीटीव्हीत आलं म्हणून साऱ्या देशाने पाहिलं. बिबट्या इथवर कसा येतो ते जागेवरूनच कळतं. १९४९ साली गोरेगावच्या या टेकड्यांवर मुंबईतल्या म्हशींसाठी दूधवसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे त्यामागचं नाव, ज्यांना पुढे १९६३मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जवळपास १,२८७ हेक्टर जागा, तबेल्यांची बत्तीस युनिटं, आदिवासी पाडे, आणि पाठीला पाठ लावून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. बिबट्याच्या दृष्टीने सरकारी हद्द कुठे संपते याला काही अर्थ नाही. तेव्हा रात्री अंगणात काय फिरतंय हे बघायची इच्छा इथे अगदी रास्त आहे.

आता त्या अडकलेल्या कॅमेऱ्याकडे येऊ. आपण सरसकट म्हणतो, «नेट नाही.» पण कॅमेरा आणि राउटर यांच्यात जे घडावं लागतं ती लांबलचक बोलणी असतात, आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी फिसकटतात. कुठे फिसकटली हे कळलं की निम्मं काम झालं. त्यासाठी सगळ्यात आधी कॅमेरा भिंतीवर ठोकायचा नाही. राउटरच्या शेजारी, त्याच खोलीत ठेवून जोडून बघायचा. तिथे जोडला गेला तर दोष अंतराचा नाहीतर आडव्या येणाऱ्या वस्तूंचा. तिथेही नाही जोडला तर दोष बोलण्यातच आहे.

बोलण्यातला पहिला घोळ बहुधा पट्ट्याचा असतो. आजकालचे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्त कॅमेऱ्यांना बहुतेक वेळा पहिलाच पट्टा कळतो. मोबाइल असतो ५वर, ॲपला वाटतं कॅमेराही येईल, आणि कॅमेऱ्याला त्या नावाचं वायफाय दिसतच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ला वेगळं नाव द्या, मोबाइल त्यावर आणा, आणि मग जोडा. कॅमेरा स्वतःच वायफाय होणाऱ्या जातीचा असेल तर केबलवाला पोरगा आल्या आल्या म्हणतो, «काकी, मोबाइल डेटा बंद करा आधी.» त्याचं बरोबर असतं. कॅमेऱ्याच्या त्या छोट्या वायफायला इंटरनेट नसतं. मोबाइल ते हेरतो आणि न विचारता सिमच्या नेटवर पळ काढतो.

२.४ हाच आकडा का, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९४७ साली अटलांटिक सिटीत जगभरच्या देशांनी बसून रेडिओचे पट्टे वाटले, तेव्हा हा तुकडा कारखान्यांच्या आणि दवाखान्यांच्या यंत्रांसाठी बाजूला काढला. मायक्रोवेव्ह भट्टी याच तुकड्यावर चालते. संदेशवहनाच्या लेखी ही पडीक जमीन: इथे यंत्रांचा गोंगाट, कोण बोलणार? १९८५मध्ये अमेरिकेने ही जमीन विनापरवाना वापराला मोकळी केली, १९९७मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं, आणि भारताने २००५ साली हा पट्टा परवान्यातून सोडवला. आज ब्लूटूथचे हेडफोन, वायफाय, भट्ट्या सगळे त्याच पडीक तुकड्यावर दाटीवाटीने राहतात. वायफायचं दर साधन बोलण्याआधी हवेत कुणी बोलतंय का ते ऐकतं, कुणी असेल तर थांबतं, आणि मग मनाशी एक सोडत काढून तितके मायक्रोसेकंद गप्प बसतं, म्हणजे दोघे एकदम तोंड उघडणार नाहीत. शेजारच्या मरोळमधल्या एखाद्या इमारतीत पंचवीस-तीस राउटर एकमेकांवर कान टवकारून असतात. पाड्यावर ती गर्दी नाही. हवा मोकळी मिळणं हे आरेचं एक न मोजलं जाणारं वैभव आहे.

दुसरा घोळ नावाचा. वायफायचं नाव जास्तीत जास्त ३२ बाइटचं असू शकतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, पण देवनागरीत प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला आणि हलन्तालाही तीन-तीन लागतात. ‹आरे कॉलनी› २५ बाइटमध्ये बसतं. ‹श्री स्वामी समर्थ› मात्र ४७ होतात, म्हणजे स्वामी त्या चौकटीत मावत नाहीत. जे नाव मावतं तेही अनेक कॅमेऱ्यांना वाचता येत नाही. तेव्हा भक्ती मनात ठेवून नाव रोमन लिपीत, साधं आणि बिनस्पेसचं ठेवलेलं बरं. पासवर्डमध्येही चित्रविचित्र चिन्हं नकोत.

तिसरा टप्पा पासवर्डच्या पडताळणीचा, आणि मला सगळ्यात थक्क करतो तो हाच. या पडताळणीत पासवर्ड हवेतून कधी जातच नाही. गुरांच्या बाजारात दोन दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. भोवतीच्या घोळक्याला हात दिसतात, आकडा दिसत नाही. तसंच काहीसं इथे चालतं. कॅमेरा आणि राउटर दोघंही आपापल्या जागी पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र करून त्यावर ४,०९६ वेळा गणिती दळण दळतात. मग राउटर एक यादृच्छिक संख्या उघडपणे पाठवतो, कॅमेरा आपली एक पाठवतो, आणि दोन्ही संख्या त्या दळलेल्या किल्लीत मिसळून दोघं एकमेकांना फक्त खूण दाखवतात. खुणा जुळल्या तर दार उघडतं. चार निरोपांत सगळा मामला, आणि बाहेरून ऐकणाऱ्याच्या हाती पासवर्ड सरळ पडत नाही. म्हणून एक अक्षर चुकलं तरी कॅमेऱ्याला ‹जवळपास बरोबर› असं काही कळत नाही. दळणातून निघालेलं पीठ पूर्ण वेगळं असतं. ही डब्ल्यूपीए२ची रीत. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३वर ठेवलेला असेल, तर जुन्या कॅमेऱ्याला ती भाषाच येत नाही. सेटिंगमध्ये दोन्हींचा मिश्र पर्याय असतो, तो निवडायचा.

आणि हे सगळं जुळून कॅमेरा जोडला गेला, पण अंगणात लावला की सुटतो. इथे खरी आरे सुरू होते.

राउटर साधारण दहावा हिस्सा वॅट एवढ्या ताकदीने बोलतो. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा उणे ७० दिसत असेल, तर त्या ताकदीचा शंभर कोटीवा हिस्सा, म्हणजे एका वॅटचा एक हजार कोटीवा भाग, कॅमेऱ्यापर्यंत पोचतोय. आणि तेवढ्यावर व्हिडिओ चालतो! उणे ८०ला आला की मात्र दम तुटू लागतो. इथे एक फसगत होते. मोबाइल कॅमेऱ्याच्या जागी धरला तर काड्या भरलेल्या दिसतात, आणि माणूस कॅमेऱ्याला दोष देतो. काड्या फक्त राउटरचा आवाज मोबाइलला किती ऐकू येतो ते सांगतात. कॅमेऱ्याला उलट दिशेने बोलायचं असतं, सतत, अख्खा व्हिडिओ वर पाठवत, नखाएवढ्या अँटेनातून.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीच्या आसपास. विटांच्या भिंतीतून ती थोडी दमून का होईना, बाहेर पडते. पत्र्यापुढे मात्र तिचं काही चालत नाही. पत्रा तिला परतवून लावतो. घर पत्र्याचं आणि राउटर आतल्या लोखंडी कपाटाच्या माथ्यावर, अशी मांडणी असेल तर अंगणातल्या कॅमेऱ्याला बिचाऱ्याला काय ऐकू येणार? राउटर खिडकीशी आणला तर जो फरक पडतो तो नवा महागडा कॅमेरा घेऊनही पडत नाही.

पत्र्यावरून परतलेल्या लहरी आणखी एक खोडी करतात. एकच निरोप सरळ वाटेने येतो, भिंतीवरून उसळून येतो, छपरावरून येतो, आणि तिन्ही क्षणभराच्या फरकाने पोचून एकमेकांत कालवले जातात. हा गुंता सोडवण्याच्या मागे ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या संस्थेतली मंडळी लागली, ज्यांत जॉन ओ'सुलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होते. हे गृहस्थ सत्तरच्या दशकात स्टीफन हॉकिंगने भाकीत केलेल्या, स्फोट पावणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओ ठिपके शोधत होते. कृष्णविवर सापडलं नाही. पण विस्कटलेले क्षीण संकेत पुन्हा सांधण्याचं गणित हाताशी राहिलं, आणि १९९६मध्ये अमेरिकेत मिळालेल्या त्यांच्या पेटंटमधली युक्ती पुढे वेगवान वायफायच्या पोटात गेली. आपल्याकडे तसले क्षीण संकेत पकडायला जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आणि त्याच्या आसपास प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या उभ्या आहेत. (जुन्नर तालुका बिबट्यांसाठीही तितकाच प्रसिद्ध, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.)

मग येतो पाऊस. «पावसात सिग्नल जातो» असं सगळेच म्हणतात. पण हवेतून पडणारा थेंब या लहरीला जवळजवळ अडवतच नाही. तिच्या मानाने तो फारच लहान आहे. अडवतं ते ओलं झाड. जूनमध्ये अंगणाच्या कडेची झाडी दुपटीने दाटते, प्रत्येक पानात रस आणि पानावर पाण्याचा थर, आणि अशी पन्नास-शंभर पानं वाटेत आली की लहर त्यांना ऊब देण्यातच संपते. मे महिन्यात धडधाकट चाललेला कॅमेरा जुलैत रुसतो तो यामुळे. २.४ हा पाण्याचा खास आकडा आहे असं म्हणतात, ते मात्र खरं नाही. पाणी लहरी सगळ्यात जोमाने शोषतं ते याच्या कितीतरी वर, वीसएक गिगाहर्ट्झच्या आसपास. तबेल्यात कॅमेरा लावायचा तर हाच हिशेब म्हशींना लागू. अंगात निम्म्याहून जास्त पाणी असलेल्या वीस म्हशी राउटर आणि कॅमेऱ्याच्या मधे रांगेने उभ्या असतील, तर कॅमेरा त्यांच्या पाठींच्या वर चढवावा.

सगळ्यात चकवणारा दोष रात्रीचा. दिवसभर कॅमेरा ठणठणीत, अंधार पडला की गायब. वायफायचा यात काही गुन्हा नसतो. अंधारात कॅमेरा आपले अवरक्त दिवे लावतो, बहुधा ८५० नॅनोमीटरचे, जे आपल्याला फार तर मंद लाल ठिपक्यांसारखे भासतात. ते लागले की विजेची ओढ एकदम वाढते. ॲडॅप्टर हलका असेल किंवा वायर बारीक आणि लांबलचक असेल, तर टोकाला पोचेपर्यंत व्होल्टेज घसरतं, आणि कॅमेरा झोकांडी खाऊन पुन्हा चालू होतो: «वायफाय कनेक्टिंग...» रात्रभर तेच. पावसाळी दमटपणात पिनेवर हिरवा गंज चढला असेल तर आणखीच. जाड वायर, कॅमेऱ्यासोबत आलेलाच ॲडॅप्टर, जोडाला कोरडं झाकण, एवढ्यावर भागतं.

कधी कॅमेरा वायफायला जोडलेला असतो, पण ॲप म्हणतं ‹ऑफलाइन›. तेव्हा त्याचं घड्याळ बघा. वीज जाऊन आल्यावर कॅमेऱ्याला वेळ आठवत नाही. इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत पुष्कळ कॅमेरे समजतात की आज १ जानेवारी १९७० आहे, आपल्याकडच्या हिशेबाने पहाटेचे साडेपाच. अशा कॅमेऱ्यापुढे कंपनीच्या सर्व्हरने आपलं ओळखपत्र धरलं तर त्यावरची तारीख पन्नासेक वर्षं पुढची दिसते. तो ते खोटं समजून नाकारतो. राउटर बंद करून चालू केल्यावर सगळं ठीक होतं त्यामागे कधी कधी एवढंच असतं.

या साऱ्या खटाटोपाकडे बघून जंगलातल्या कॅमेऱ्यांचा हेवा वाटतो. ट्रॅप कॅमेरा कुणाशीच जोडलेला नसतो. समोरून उबदार अंग हललं की टिपायचं आणि कार्डावर ठेवायचं. माणूस येऊन कार्ड काढून नेतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात, आणि त्या ठिपक्यांवरूनच कोण कोणता ते ओळखतात. याच पद्धतीने राष्ट्रीय उद्यान आणि भोवतालच्या पट्ट्यात २०१५मध्ये ३५ आणि २०१८मध्ये ४७ बिबटे ओळखले गेले. त्यात वायफायचा काडीचा संबंध नव्हता.

तेव्हा घरच्या कॅमेऱ्यातही मेमरी कार्ड घालाच. वायफाय तुटलं तरी बहुतेक कॅमेरे कार्डावर टिपत राहतात. आणि तो जोडला गेला की पहिल्या काही रात्री बिबट्याऐवजी बहुधा मोकाट कुत्री दिसतील, कचऱ्याभोवती. या भागातल्या बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. ती कुठे आणि किती वाजता जमतात ते कॅमेऱ्यात नीट दिसतं. तिथला कचरा उचलून घ्या आणि ओट्यावर दिवा लावा. बिबट्याच दिसला तर व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी वन विभागाचा १९२६ फिरवा.