काजाच्या टाक्याची लेस

बल्लारपूर म्हटलं की कागद कारखाना, कोळसा आणि बल्लारशाह जंक्शन. केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांच्या चांदा धर्मप्रांताचं सेंट थॉमस कॅथेड्रलही इथेच आहे, हे मात्र चटकन कुणाला आठवत नाही. मिशन 1962 चं, धर्मप्रांत झाला 1977 साली. सिरो-मलबारांच्या जुन्या परंपरेत मान वेदीपुढच्या पडद्याला. वेदीच्या कापडाला, धर्मगुरूंच्या पांढऱ्या झग्याला लेस लावायची हौस मात्र मूळची युरोपातल्या लॅटिन चर्चची.

त्या हौशीतलं सगळ्यात किचकट काम सुईच्या लेसचं. सोळाव्या शतकात ते व्हेनिसमध्ये बहरलं. नक्षी चर्मपत्रावर काढायची, ते कापडाच्या दोन पदरांवर टाचायचं, रेषेवरून दोरा बसवून बारीक टाक्यांनी पक्का करायचा. मग त्या दोऱ्याच्या आधाराने आतली पानं-फुलं भरायची, तीही शिंपी शर्टाच्या काजाला घालतो त्याच टाक्याने. भरताना सुई खाली घुसू द्यायची नाही. शेवटी दोन पदरांमधून पातं फिरवलं की धरून ठेवणारे टाके तुटतात आणि लेस सुटी होते.

व्हेनिसकडे जाणारा पैसा थांबवायला फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने 1665 मध्ये ही कला सरकारी आश्रयाखाली घेतली. फ्रान्समधलं आलाँसाँ गाव अजून ती जपतंय. 2010 मध्ये युनेस्कोने तिला वारसा यादीत घेतलं. तिथे एका चौरस सेंटिमीटरला सात तास लागतात. म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढ्या, सहा चौरस सेंटिमीटरच्या तुकड्याला 42 तास! हात बसायला सात ते दहा वर्षं. भरीव भाग लॉब्स्टरच्या नांगीने घासून चकाकवतात.

1880 च्या दशकात मशीनने यावर तोडगा काढला: भरतकाम करायचं आणि खालचं कापड रसायनात विरघळवून टाकायचं. लांबून फरक कळत नाही, आणि चर्चमध्ये लेस बघायची ती लांबूनच.

आपल्याकडे हाताची लेस म्हणजे बहुधा क्रोशा. बल्लारपूरजवळून वाहणाऱ्या वर्धेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीला मिळतं आणि पुढे आंध्रात नरसापूरला पोचतं. तिथल्या बायकांना प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशा शिकवला. 2024 मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, 1982 मध्ये, समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी पुस्तक लिहून दाखवलं होतं की परदेशी जाणारा हा माल करणाऱ्या बायका कामगार धरल्याच जात नाहीत. फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी म्हणून त्यांना नगावर तुटपुंजी मजुरी मिळे, आणि नफा व्यापाऱ्यांकडे जाई.