खेळाडू विद्यार्थी आणि कॉलेज बदलण्याचें स्वातंत्र्य

मुलानें किंवा मुलीनें एक कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजांत नांव घालावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा घरांतल्या घरांत सुटतो. वडील मंडळी अभ्यासक्रमाचा, खर्चाचा, राहण्याजेवण्याच्या सोयीचा विचार करितात. मुलाचें मन जाणून घेतात. आणि जुन्या कॉलेजाकडून दाखला मिळाला म्हणजे प्रकरण संपतें. त्या कॉलेजानें “अमक्या कॉलेजांत जातां कामा नये,” किंवा “गेलास तर एक वर्ष हात बांधून बसावें लागेल,” असें बजावलें, तर हा अधिकार त्यास कोणीं दिला, असें आपण विचारल्याशिवाय राहणार नाहीं. अमेरिकेंत मात्र विद्यार्थ्यांच्या एका वर्गावर असें बंधन अनेक दशकें होतें. हा वर्ग म्हणजे कॉलेजांच्या संघांतून खेळणारे विद्यार्थी. रसायनशास्त्र शिकणारा किंवा वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजविणारा विद्यार्थी दुसरीकडे गेला, तर पहिल्या दिवसापासून त्यास प्रयोगशाळेचीं व वाद्यवृंदाचीं दारें खुलीं असत. फूटबॉल खेळणाऱ्यास मात्र वर्षभर मैदानाच्या कडेला उभें राहून इतरांचा खेळ पाहावा लागे. हा नियम कां निर्माण झाला, कसा चालला आणि २०२४ सालीं कसा कोसळला, याची हकीकत मुलांस दूरदेशीं शिक्षणास पाठविणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें जाणून घेण्यासारखी आहे.

प्रथम तेथील कॉलेजांतील खेळांचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडील आंतरकॉलेज सामन्यांवरून त्याची कल्पना येणार नाहीं. फूटबॉल म्हणजे तेथें चेंडू हातांत घेऊन धावण्याचा व दूर फेकण्याचा खेळ. मिशिगन विद्यापीठाच्या फूटबॉलच्या मैदानांत एका वेळीं एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. सामने दूरचित्रवाणीवर दाखविण्याचे हक्क विकून मोठ्या विद्यापीठांस अपार द्रव्य मिळतें. अनेक राज्यांत सर्वांत मोठा पगार घेणारा सरकारी नोकर राज्याचा गव्हर्नर नसून तेथील विद्यापीठाचा फूटबॉलचा वा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. ज्यांच्या खेळावर हा सर्व डोलारा उभा, त्या मुलांस मात्र दीर्घ काळ फी, राहणें, जेवण व पुस्तकें यांपुरतीच शिष्यवृत्ति मिळत असे.

नियमाचा उगम मात्र वाईट हेतूंत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉलेजांचे संघ हवा तो माणूस हव्या त्या वेळीं आणून खेळवीत. फील्डिंग योस्ट हा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी १८९६ सालीं एकाएकीं लाफायेट कॉलेजाचा विद्यार्थी बनला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या बलाढ्य संघाची ३६ विजयांची अखंड मालिका तोडण्यास त्यानें हातभार लावला. आणि लौकरच स्वारी आपल्या मूळ विद्यापीठांत परत आली! अशा भटक्या खेळाडूंचा विद्येशीं काय संबंध, असा प्रश्न विचारी माणसांस पडूं लागला. त्यांतच खेळांतील दांडगाईमुळें कित्येक तरुण प्राणास मुकले. १९०५ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझव्हेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींस व्हाइट हाउसमध्यें बोलावून कानउघाडणी केली, आणि पुढील वर्षीं जी संस्था स्थापन झाली तीच १९१० पासून नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या नांवानें प्रसिद्ध आहे. नव्यानें आलेल्या विद्यार्थ्यानें आधीं एक वर्ष वर्गांत बसावें व मग संघांत उतरावें, हा विचार या वातावरणांत रुजला. विद्यार्थी हा आधीं विद्यार्थी असला पाहिजे, हें त्याचें सूत्र होतें. आणि त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं.

परंतु नियम जसजसा जुना होत गेला, तसतसें त्याचें स्वरूप पालटलें. खेळाडूस पांच वर्षांच्या मुदतींत चार मोसम खेळतां येत. कॉलेज बदललें कीं त्यांतील एक वर्ष सक्तीनें बाहेर बसण्यांत जाई. जुन्या कॉलेजानें परवानगी नाकारली, तर नव्या कॉलेजास त्या मुलाशीं बोलण्याची बंदी असे, आणि पहिल्या वर्षीं त्यास खेळाची शिष्यवृत्तिही देतां येत नसे. कॉलेजांच्या प्रादेशिक मंडळांचे आणखी कडक नियम असत. आपल्याच मंडळांतील प्रतिस्पर्धी कॉलेजांत गेलेल्या मुलास कोठें कोठें खेळण्याचें एक वर्ष कायमचें गमवावें लागे.

या बंधनाच्या समर्थनार्थ तीन कारणें सांगण्यांत येत. एक, नव्या जागीं अभ्यासाची घडी बसण्यास वेळ मिळावा. दुसरें, संघ एकसंध राहावा. आणि तिसरें, श्रीमंत कॉलेजांनीं दुसऱ्यांचे तयार खेळाडू पळवूं नयेत. तिन्ही कारणांत कांहीं तथ्य आहे. परंतु पहिल्या कारणाची कसोटी लावून पाहिली, तर शंका येते. अगदीं अलीकडेपर्यंत ही वर्षाची सक्ती सरसकट होती ती फूटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल व पुरुषांची आइस हॉकी एवढ्याच खेळांत. पोहणाऱ्या किंवा टेनिस खेळणाऱ्या विद्यार्थ्यास एक वेळ कॉलेज बदलण्याची सवलत मिळूं शके. अभ्यासाची घडी बसण्यास वर्ष लागत असेल, तर तें पोहणाऱ्यासही लागलें पाहिजे. ज्या खेळांभोवतीं प्रेक्षक व पैसा जमतो, तेच खेळ मुख्यतः या यादींत असावेत, ही गोष्ट सूचक नाहीं काय?

त्याहून मोठा दोष एकांगीपणाचा होता. १९७३ पासून खेळाची शिष्यवृत्ति एका वेळीं एकाच वर्षाची असे, आणि वर्ष संपल्यावर ती पुढें चालू ठेवणें न ठेवणें कॉलेजाच्या मर्जीवर अवलंबून राही. अनेक वर्षांची शिष्यवृत्ति देण्याची मोकळीक २०१२ सालीं पुन्हां मिळाली. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें स्थिति अशी कीं, कॉलेज मुलास दर वर्षीं सोडूं शके, पण मुलानें कॉलेज सोडलें तर त्यास शिक्षा! प्रशिक्षकाचें तर बोलावयासच नको. ज्याच्या शब्दावर विश्वासून मुलगा व त्याचे आईबाप दूरच्या गांवीं आले, तो प्रशिक्षक अधिक पगार मिळतांच मोसम संपण्यापूर्वींही निघून जाई, आणि दुसऱ्या दिवशीं नव्या विद्यापीठांत कामास लागे. २०१७ सालीं कॅन्सस स्टेट विद्यापीठांतील एका फूटबॉलपटूनें ३५ कॉलेजांची यादी पुढें ठेवून परवानगी मागितली. त्यांतील एकाही कॉलेजास परवानगी मिळाली नाहीं. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, तेव्हां विद्यापीठानें माघार घेतली. ज्याच्यासाठीं ओरड करणारा कोणी नसे, त्याचें काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

बेकर मेफील्ड या नामांकित खेळाडूचें उदाहरण या नियमांची गुंतागुंत दाखवितें. तो टेक्सास टेक विद्यापीठांत शिष्यवृत्तीशिवाय खेळत होता. २०१४ सालीं तो ओक्लाहोमा विद्यापीठांत गेला. दोन्ही विद्यापीठें एकाच मंडळांतील. म्हणून तें वर्ष त्यास बाहेर बसावें तर लागलेंच, शिवाय खेळलेल्या मोसमांतही तें गणलें गेलें. ज्या कॉलेजानें शिष्यवृत्तीचा एक डॉलरही दिला नव्हता, त्यास सोडल्याचा हा दंड होता. जून २०१६ मध्यें मंडळाच्या सभेंत नियम बदलण्याचा प्रस्ताव पांच विरुद्ध पांच मतांनीं फेटाळला गेला. दुसऱ्याच दिवशीं थोडा फेरफार करून तो सात विरुद्ध तीन मतांनीं संमत झाला. परत मिळालेल्या त्या वर्षांत, म्हणजे २०१७ सालीं, मेफील्डनें सर्वोत्तम कॉलेज-फूटबॉलपटूस दिला जाणारा हाइसमन करंडक मिळविला. रात्रींतून दोन मतें फिरलीं नसतीं, तर हें वर्ष त्याच्या आयुष्यांत आलेंच नसतें.

या सर्व व्यवस्थेंत एक तरतूद मात्र मनापासून प्रशंसा करण्यासारखी होती. ज्या विद्यार्थ्यानें पदवी मिळविली आहे व ज्याचा खेळण्याचा काळ शिल्लक आहे, त्यानें पुढील शिक्षणासाठीं दुसऱ्या विद्यापीठांत जावें व तत्काळ खेळावें, अशी मोकळीक २००६ पासून मिळूं लागली. जो बरो यानें ओहायो स्टेट विद्यापीठाची पदवी तीन वर्षांत संपादन केली, २०१८ सालीं तो लुइझियाना स्टेट विद्यापीठांत दाखल झाला, दुसऱ्या वर्षीं हाइसमन करंडक मिळविला, आणि जानेवारी २०२० मध्यें आपल्या संघास राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें. येथें पदवी हीच कुलुपाची किल्ली होती. अभ्यासाची कळकळ खरोखरीच असती, तर सर्व नियम याच धर्तीवर रचतां आले असते.

पुढील घटना झपाट्यानें घडल्या. २०१८ च्या ऑक्टोबरपासून परवानगी मागण्याची प्रथा संपली. खेळाडूनें “मी जाणार” एवढें कळवावें, त्याचें नांव ट्रान्सफर पोर्टल नांवाच्या संगणकीय नोंदवहींत घालण्यांत यावें, आणि मग कोणत्याही कॉलेजानें त्याच्याशीं बोलावें, असें ठरलें. एप्रिल २०२१ मध्यें सर्व खेळांतील विद्यार्थ्यांस एक वेळ कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. राहिला प्रश्न दुसऱ्यांदा बदलणारांचा. त्यांस आपली अडचण असोसिएशनपुढें मांडून सवलत मागावी लागे, आणि निर्णयांत सुसंगति नाहीं अशी तक्रार असे. न्यायालयांचेंही या विषयावर एकमत नव्हतें. २०१८ सालीं शिकागो येथील वरिष्ठ न्यायालयानें वर्षाच्या सक्तीचा नियम उचलून धरला होता. परंतु डिसेंबर २०२३ मध्यें ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया इत्यादि सात राज्यांनीं दावा लावतांच वेस्ट व्हर्जिनियांतील न्यायाधीशांनीं एका आठवड्याच्या आंत नियमास स्थगिती दिली. मक्तेदारी रोखण्याच्या कायद्याविरुद्ध हा नियम जातो, असें राज्यांचें म्हणणें होतें. जानेवारी २०२४ मध्यें मध्यवर्ती सरकारचें न्यायखातेंही दाव्यांत सामील झालें. एप्रिलमध्यें असोसिएशननें स्वतःच नियम बदलला, आणि मे महिन्यांत तडजोड झाली. तेव्हांपासून अभ्यासांत पात्र असलेल्या विद्यार्थ्यास कितीही वेळां कॉलेज बदलून लगेच खेळतां येतें. मात्र पोर्टलमध्यें नांव घालण्याच्या मुदती ठरलेल्या असतात.

अन्याय दूर झाला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु याच सुमारास दुसरेंही एक दार उघडलें. जुलै २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नांवावर व छबीवर जाहिरातींतून पैसे मिळविण्याची मोकळीक झाली. आणि जून २०२५ मध्यें मंजूर झालेल्या एका न्यायालयीन तडजोडीमुळें कॉलेजेंही खेळाडूंस थेट पैसे देऊं लागलीं. २०२५-२६ या वर्षासाठीं एका कॉलेजास सुमारें २ कोटि ५ लक्ष डॉलरपर्यंत असें वाटप करण्याची मर्यादा ठरली. साहजिकच, दर वर्षीं अधिक बोली करणाऱ्या कॉलेजाकडे जाण्याचा मोह वाढला आहे. चार वर्षांत तीन-चार कॉलेजें पाहिलेले खेळाडू आतां दुर्मिळ राहिले नाहींत. भटक्या खेळाडूंचा तो जुना प्रश्न नव्या वेषांत पुन्हां दारांत उभा राहिला आहे.

यांत धोका आहे तो पदवीस. असोसिएशनच्या नियमानुसार खेळाडूनें तिसऱ्या वर्षाच्या आरंभीं पदवीच्या अभ्यासक्रमाचा ४० टक्के, चौथ्याच्या आरंभीं ६० टक्के आणि पांचव्याच्या आरंभीं ८० टक्के भाग पुरा केलेला असावा लागतो. परंतु एका कॉलेजांत पुरा केलेला अभ्यास दुसऱ्या कॉलेजांत सर्वस्वीं मान्य होतोच असें नाहीं. चार ठिकाणीं थोडें थोडें शिकलेल्या मुलाच्या हातीं चार प्रगतिपत्रकें येतात, पण पदवी येत नाहीं. कॉलेजांत खेळणाऱ्या मुलांपैकीं अगदीं थोड्यांस पुढें व्यवसाय म्हणून खेळतां येतें. बाकीच्यांस पदवीच्या आधारावरच संसार करावयाचा असतो.

टेनिस, पोहणें यांसारख्या खेळांत प्रावीण्य मिळवून अमेरिकन कॉलेजांत शिष्यवृत्ति मिळविण्याची आकांक्षा आपल्याकडील कांहीं कुटुंबांतूनही दिसूं लागली आहे. त्यांनीं कांहीं गोष्टी आधींच लेखी विचारून घ्याव्यात. शिष्यवृत्ति एका वर्षाची कीं अनेक वर्षांची? दुखापत झाली किंवा प्रशिक्षक बदलला तर ती चालू राहील काय? दुसऱ्या कॉलेजांत गेल्यास झालेल्या अभ्यासापैकीं किती मान्य होईल? परदेशीं विद्यार्थ्यास कॉलेज बदलतांना व्हिसासंबंधींची नोंदही रीतसर नव्या कॉलेजाकडे वळवून घ्यावी लागते. आणि जाहिरातीचे पैसे स्वीकारल्यास विद्यार्थी-व्हिसावरील कामाचे निर्बंध आड येऊं शकतात. तेव्हां गोऱ्या सोबत्यानें केलें तें आपल्या मुलास निर्धोकपणें करतां येईलच, असें गृहीत धरूं नये.

विद्यार्थ्याच्या हितासाठीं म्हणून घातलेलें बंधन खरोखर कोणाच्या हिताचें आहे, हें तें कोणाकोणास बांधतें यावरून कळतें. घरांत वडिलांनीं मुलांस लावलेली शिस्त मुलें मानतात, कारण वडीलही ती पाळतांना दिसतात. अमेरिकन कॉलेजांनीं मुलास बांधलें व स्वतः मोकळीं राहिलीं, म्हणून त्यांचा नियम न्यायालयांत टिकला नाहीं. आतां नियम गेला. तथापि तो ज्या सद्धेतूनें जन्मास आला, तो हेतु जुना झालेला नाहीं. एके ठिकाणीं स्थिर राहून विद्या पुरी करावी, हा विचार यापुढें कोणी सक्तीनें शिकविणार नाहीं. तो मुलांच्या मनावर बिंबविण्याचें काम आतां आईबापांकडे आलें आहे. आणि मुलगा घर सोडून निघण्यापूर्वींच तें झालेलें बरें.