पट्टा एकाचा, गल्ला दुसऱ्याचा

यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत सलग ११ वेळा विजेतेपद राखलं ते डेमेट्रियस जॉन्सनने. तंत्रात चोख, स्वभावाने सभ्य, वजन जेमतेम ५७ किलो. तरी त्याच्या लढतींना पैसे मोजणारे थोडेच. आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरने तिथलं विजेतेपद एकदाही राखलं नाही. गल्ला मात्र त्यानेच भरला. तो आधी तोंडाने लढायचा, प्रतिस्पर्ध्याला डिवचायचा, निकालाचं भाकीत करायचा. नुसत्या बडबडीवर हे चाललं नसतं म्हणा. २०१५मध्ये त्याने तेव्हाचा विजेता जोसे आल्डोला खरोखरच १३ सेकंदांत आडवं केलं. शिवाय झेंडे घेऊन लास वेगास गाठणारे आयरिश चाहते पाठीशी. तो हरावा म्हणून बघणारेही पुष्कळ, आणि त्यांचेही पैसे तेवढेच! जॉन्सनला मात्र यूएफसीने २०१८मध्ये बेन आस्क्रेन या लढवय्याच्या बदल्यात वन चॅम्पियनशिप या दुसऱ्या स्पर्धेला देऊन टाकलं.