लाल पगडीतला महानायक

जपानमध्ये ताकाशी यानासे यांचा आन्पानमान १९७३ साली चित्रपुस्तकात आला. भुकेल्याला तो आपल्याच पावाच्या चेहऱ्याचा तुकडा तोडून देतो. त्याआधी १९७१मध्ये दिल्लीच्या 'लोटपोट' या मुलांच्या नियतकालिकात व्यंगचित्रकार प्राण यांनी चाचा चौधरी उभे केले: लाल पगडी, पांढऱ्या झुपकेदार मिशा, हातात काठी, वय उतरणीचं. मला हे दोघे एकाच घरातले वाटतात, कारण दोघांचाही मोठेपणा दंडाच्या बेटकुळीत नाही. कुणी म्हणेल, हाणामारी तर चाचांचा साथीदार, गुरू ग्रहावरून आलेला धिप्पाड साबूच करतो. खरं आहे, पण हात कुणावर उचलायचा ते चाचांचं डोकं ठरवतं. आणि तो साबूही चाचांच्या बायकोच्या, बिनी चाचीच्या, हातच्या जेवणावर पृथ्वीवर रमला आहे. चाचांच्या घरात चोराआधी पोळ्यांची चळत दिसते. म्हणूनच मुलांना ते घर परकं वाटत नाही.